वैनीने काय काय सोडलं होतं

आमच्या घरात कोण काय खातं यापेक्षा कुणी काय सोडलंय याला जास्त मान होता. सोडणं म्हणजे काय, ते आताच्या पोरींना समजावून सांगावं लागतं. देवाकडे काही मागायचं असलं, कुणाचं दुखणं बरं व्हावं, कुणाला नोकरी लागावी, तर आपल्या खाण्यातली एक वस्तू देवाला वाहायची आणि ती जन्मात पुन्हा तोंडात घालायची नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काशीला जाऊन फणस सोडला होता. सोलापूरच्या बाजारात फणस मी तरी वर्षाकाठी एखादाच बघितला असेल. आईने त्याच खेपेला कारलं सोडलं. कारलं तिला लहानपणापासून आवडत नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची, आणि वर म्हणायची, "पण खरं म्हणजे आवडतं ते सोडावं. तरच देव ऐकतो." हे तिने आयुष्यात पुष्कळ बायकांना सांगितलं. मनावर घेतलं ते एकीनेच. ती आमची वैनी, माझ्या थोरल्या भावाची बायको.

अण्णा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात शाकाहार. संध्याकाळी ओट्यावर घोंगडी टाकून बसले की शेजारपाजारची चार माणसं जमायची आणि अण्णांचं सुरू व्हायचं. "हत्ती काय खातो? पाला. घोडा काय खातो? हरभरा. ताकद कुणात आहे सांगा." समोरच्या घरातले पेन्शनीतले फौजदार रविवारी मटण खाऊन आलेले असायचे, ते मिशी पुसत विचारायचे, "आन् वाघ वो मास्तर?" अण्णा म्हणायचे, "वाघाला ओझं वाहायला कुणी ठेवतं का फौजदार?" सगळे हसायचे, फौजदारसुद्धा. अण्णा साठीला आले तरी रोज शंभर नमस्कार घालायचे, त्यांचे दंड दगडासारखे होते, आणि ते शर्टाची बाही वर करून ते दाखवायचेही. आमच्या घरचं सात्त्विक जेवण, आमच्या घरात दुखणं नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. अण्णांचं पान मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट आमटी, चाकवताची नाहीतर अंबाडीची भाजी, तिच्यावर तुपाची धार, शेवटी सायीच्या दह्याचा भात. शेजारी शेंगाचटणीचा गोळा, तेल सुटलेला.

ती चटणी वैनी करायची. वैनी अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली, माहेरी सगळं कानडी. आमच्याकडे चौदाव्या वर्षी आली तेव्हा तिला मराठी दहा-वीस शब्द येत होते. मी तेव्हा पाळण्यातून नुकती उतरले होते, त्यामुळे आम्ही दोघी मराठी बरोबरच शिकलो म्हणायला हरकत नाही. दुपारी मिलचा भोंगा झाला की मागच्या अंगणातल्या उखळात तिच्या मुसळाचा आवाज सुरू व्हायचा. आधी दाणे कोरडे असताना खणखण, मग तेल सुटायला लागलं की नुसतं धप, धप. तो आवाज बदलला की मी असेन तिथून उठून धावायची, कारण पुढची हाक माझ्यासाठी असायची. "कुसे, मीठ बघ गं." चिमूटभर गरम चटणी माझ्या तळहातावर यायची. आमटी झाली, नैवेद्य दाखवून झाला, की पुन्हा, "कुसे, मीठ बघ." ताक घुसळलं की, "आंबट झालंय का बघ." आई याला काही म्हणायची नाही, लहान पोरीच्या जिभेला दोष नसतो असं तिचं मत. आणि मी काय समजायची? मी समजायची की मी तिची लाडकी, म्हणून सगळ्याचा पहिला घास माझा. बारा वर्षांची होईतो मी असंच समजत होते.

त्या वर्षी वैनीला दिवस गेले होते, सातवा लागला होता. तिचा पहिला मुलगा दोन वर्षांपूर्वी पाच महिन्यांचा होऊन तापाने गेला होता, त्यामुळे या खेपेला घरात सगळे जपून बोलायचे. वैनीचा रंग मुळात गव्हाळ. तो हळूहळू चुन्यासारखा झाला. पायांना सूज, दोन पायऱ्या चढली की धाप. मिरची लागली की डोळ्यांतून पाणी यायचं, तोंड पोळतंय म्हणायची. चुलीच्या कडेचा मातीचा पापुद्रा काढून गुपचूप तोंडात टाकताना मी तिला दोनदा पकडलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "डोहाळे." सगळ्यात आधी बोलली ती भांडीवाली गंगव्वा. एकदा ताटं घासताघासता आईला म्हणाली, "आक्का, तुमच्या सुनंच्या ताटाला घासायलाच काय नसतंय की. तुपाचा ओशटपणा न्हाई, आमटीचा डाग न्हाई. नुसतं पाणी फिरवलं की झालं." आई खूश झाली. हे शेजारणीला सांगितलंसुद्धा तिने, की सून किती नीटनेटकी जेवते बघा. मी हे लिहिताना आज थांबले आणि उठून पाणी पिऊन आले. जी बाई उष्टी भांडी घासते तिला दिसलं आणि आम्हाला, एका घरात राहून, दिसलं नाही.

एका दुपारी मुसळाचा आवाज खणखणीवरच थांबला. मी वाट बघत होते धप धप ऐकू येण्याची. ते आलंच नाही. जाऊन बघते तर वैनी उखळाला डोकं टेकून बसलेली, ओठ निळसर, मुसळ एकीकडे आणि दाणे अंगणभर. दादाने टांगा आणून तिला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. नऊवारीवर मनगटी घड्याळ लावणारी, मोठ्या आवाजात बोलणारी बाई. त्यांनी वैनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आईला बोलावून दाखवली. आत कागदासारखं पांढरं. मग जीभ काढायला सांगितली. ती जीभ मी पाहिली. सोलून काढल्यासारखी लाल आणि गुळगुळीत, आपल्या जिभेवर असतो तो खरखरीतपणाच नाही.

बाहेरच्या खोलीत येऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, हिच्या अंगात रक्तच उरलं नाही. बाळाचं सोडा, आत्ता आहे अशी बाळंत झाली तर ही उठायची नाही."

अण्णा म्हणाले, "औषध सांगा. लागेल ते आणू."

"टोचायचं औषध आहे. काळजाचा अर्क."

"कुणाच्या?"

"जनावराच्या, मास्तर. माणसाच्या कसा असेल?"

आई मटकन खाली बसली. दादा भिंतीकडे बघायला लागला. अण्णांनी शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आमचं घर तुम्हाला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे. तुमचा हत्ती सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणूनच मला नवल वाटतं. ज्या घरात रोज दूध-डाळ-पालेभाजी शिजते त्या घरात असली जीभ मी आजवर पाहिली नाही. दोन दिवस घ्या विचाराला, त्याहून जास्त नाही. आणि या दोन दिवसांत ती काय खाते ते लिहून ठेवा. काही बदलू नका, रोजचं खाऊ द्या, नुसतं लिहा."

आई खालूनच म्हणाली, "त्यात लिहायचं काय? आम्ही खातो तेच ती खाते."

"तुम्ही बघता का तिला जेवताना?"

आधी पुरुष जेवायचे, मग आई आणि मी, आणि सगळ्यांचं झालं की चुलीजवळ एकटी वैनी. तिला जेवताना कुणी बघायचा प्रश्नच नव्हता.

लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला दुसरं काम नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवून उठली, मी शाळेची वही आणि पेन्सिल घेऊन चुलीपुढे बसले. वैनी भिंतीला टेकून बसली. तिने ताटात एक भाकरी घेतली, मीठ घेतलं, भाजलेल्या मिरचीचा तुकडा घेतला पण तो बाजूला सारला, आणि भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून मिठाला लावून खायला लागली. मी लिहिलं: भाकरी, मीठ, पाणी. मग वाट बघत बसले.

"आमटी घे की," मी म्हटलं.

"नको गं. सोडलीय."

"कधी?"

"तुझ्या दादाला कचेरीत चिकटायचं होतं नाही का? तेव्हा. मला आमटी लई आवडायची." ती हसली. "डाळ म्हणजे सगळीच. तूर, मूग, हरभरा."

"मग भाजी घे. चाकवत आहे."

"पाला नाही चालत मला. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता की. त्यांची नजर आली, माझी भाजी गेली."

मला अजून काही कळत नव्हतं. उलट गंमत वाटत होती, जणू कोडंच घालत होती ती. मी म्हटलं, "मग ताक कालव भाकरीवर. कोरडी का खातेस?"

"दूध-दुभतं तर सगळ्यात आधी गेलं, कुसे. चार वर्षं झाली."

"ते कुणासाठी?"

तिने घास गिळला. तो गिळताना तिचा चेहरा दुखल्यासारखा झाला. मग म्हणाली, "ते तुझं."

आठ वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस शुद्ध नव्हती, असं आई सांगायची. त्यातून उठल्यावर रोज सकाळी मला पितळेच्या पेल्यात दूध मिळायला लागलं. वैनी ते फुंकून कोमट करायची, साय बाजूला सारायची आणि मी पिईतो उभी राहायची. सलग चार वर्षं. आणि आता लिहूनच टाकते, कुणाला सांगितलेलं नाही हे. मला दूध आवडायचं नाही. तिची पाठ वळली की मी ते पुष्कळदा नहाणीत ओतून द्यायची, वर तांब्याभर पाणी ओतायची, वास येऊ नये म्हणून. त्या दुपारी पेन्सिल हातात धरून बसले होते आणि मला फक्त नहाणीचं भोक दिसत होतं, आणि त्यातून जाणारं पांढरं पाणी. ती मला ताकाचा आंबटपणा का विचारायची, आमटीचं मीठ का बघायला लावायची, ते मला एका क्षणात कळलं. मी लाडकी होते ते वेगळंच. पण तिला जीभच लावता येत नव्हती ना त्याला.

घाबरून मी शेवटचं विचारलं, "आणि शेंगाचटणी?"

तिने मागच्या दारातून उखळाकडे बघितलं. रोज ती चटणी कुटत होती, सगळ्या घराच्या ताटात ती पडत होती. "ते लिहू नकोस," म्हणाली. "बाळाला ताप भरला त्या रात्री सोडली. तो राहिला नाही. पण शब्द दिला होता की." मग ताटात हात धुतला आणि म्हणाली, "साकु." पुरे, असं. दुखलं-खुपलं की तिच्या तोंडून कानडीच यायचं.

दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त भाकरीऐवजी भात आणि चिंचेचं पाणी. संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत उभी राहून वाचून दाखवलं. वाचायला काय होतं? अर्धं पान भरलं नव्हतं. मग अण्णांनी विचारलं, "का? आमटी का नाही?" तेव्हा मी सोडल्याचं सांगितलं, एकेक, कुणासाठी ते. चटणीचं सांगितलं नाही, कारण तिने नको म्हटलं होतं.

मग दादा पुटपुटला, "डाळीचं मला माहीत होतं. मला वाटलं, तेवढंच." आई म्हणाली, "दुधाचं मीच सांगितलं होतं. पोर वाचली, म्हणून तिची किती तारीफ केली मी चारचौघींत. पण बाकीचं..." आणि अण्णा? पट्टी सुटल्याच्या दिवशी वैनीने त्यांना नमस्कार करून भाजी सोडल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांनी तिला आशीर्वाद दिला होता. एकेकाला एकेक ठाऊक होतं. आणि प्रत्येकाला त्या एकेकाचा थोडा अभिमानच होता. सगळं मिळून तिच्या ताटात काय उरतं, ते कुणी बघितलं नव्हतं.

अण्णांनी उपरण्याने चेहरा पुसला. दादाला म्हणाले, "जा. डॉक्टरीणबाईंना सांग, उद्या सकाळीच टोचा म्हणावं."

आई रडवेली झाली. "अहो, पण काळीज ते. आपल्या घरात?"

"इतकी वर्षं आपण काय खात होतो मग?" अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. त्यानंतर अण्णा ओट्यावर बसत राहिले, पण हत्तीचं नाव मी पुन्हा ऐकलं नाही. फौजदारांनी एकदोनदा वाघ काढून बघितला, मग त्यांनीही सोडून दिलं.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी औषध टोचलं. कुठल्या जनावराचं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझी वही मात्र त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या जेवणात काही खोट नाही. माझा त्याच्याशी वाद नव्हता. पण ते हिने खाल्लेलंच नाही हो. टोचून मी वेळ काढीन, पुढचं तुमच्या चुलीने करायचं."

वैनी ऐकेना. टोचायला तिने दंड पुढे केला, पण खायला नाही म्हणाली. सोडलेलं पुन्हा खाल्लं तर ज्याच्यासाठी सोडलं त्याच्यावर उलटतं, ही तिची भीती. माझ्याकडे बोट करून आईला म्हणाली, "हिला काही झालं तर?" तेव्हा अण्णा उठले आणि स्वयंपाकघरात गेले. एरवी सासऱ्यांपुढे वैनी कधी उभीसुद्धा राहायची नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. ते तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले, हातात चाकवताची वाटी. म्हणाले, "शास्त्र असं आहे सूनबाई, की ज्याच्यासाठी सोडलं त्याने आपल्या हाताने भरवलं, तर ते देवाकडून सुटतं. दोष लागत नाही." आणि घास तिच्या तोंडापाशी धरला. वैनीने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मग दादाने आमटीचा चमचा भरवला, वडिलांदेखत, कानापर्यंत लाल होऊन. मग मी पेला धरला. पहिला घोट तिच्या तोंडातून परत आला, जीभ पोळत होती तिची. दुसरा राहिला. मी मनात म्हणत होते, पी, पी, आता एक थेंब जाऊ देणार नाही.

पुष्कळ वर्षांनी मी अण्णांना विचारलं, ते शास्त्र कुठल्या ग्रंथात आहे. ते म्हणाले, "कुठल्याच नाही." संस्कृतात एक मात्रा चुकली तर पोरांच्या हातावर छडी मारणारा माणूस तो.

त्याहून मोठा धक्का मला परवा बसला. माझी नात डॉक्टर आहे. तिला ही जिभेची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आजी, हे बी-बारा गं. मांस-अंडं न खाणाऱ्याला ते दूध-दह्यातूनच मिळतं, बाकी कशात नाही. डाळ, पालेभाजी सोडून रक्त कमी झालंच असतं, पण तशी जीभ आणि ती अवस्था, त्यात दुधाचा वाटा मोठा." तिला बिचारीला काय ठाऊक, ती काय बोलून गेली. मी ब्याऐंशी वर्षांची बाई, हातातलं वाटाण्याचं सोलणं तसंच ठेवून बसून राहिले. म्हणजे तिघांच्या तीन सोडण्यांत तिला जास्त खाल्लं ते माझ्यासाठीच्या सोडण्याने.

वैनी वाचली. मुलगी झाली, बारीक पण रडकी, म्हणजे चांगली. डाळ, भाजी, दूध तिच्या ताटात आलं आणि गंगव्वा एक दिवस म्हणाली, "आता घासायला लागतंय की सूनबाईंचं ताट." आईने या वेळी ते शेजारणीला सांगितलं नाही, घासलेलं ताट तिने स्वतः उचलून आत नेलं. चटणीचं मात्र माझ्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं. मुसळाचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि हाकही. माझं लग्न होईतो मी रोज जाऊन मीठ बघत राहिले.

ती शेवटची भेटली तेव्हा दोघींचेही केस पांढरे होते आणि उखळाच्या जागी तिच्या सुनेने मिक्सर घेतला होता. वैनीला तो पसंत नव्हता, तिने माझ्यासाठी खलबत्त्यात मूठभर चटणी कुटली, धाप लागत लागत. मग तळहात पुढे करायला लावला. "कुसे, मीठ बघ गं." मी चाखली. मग त्याच तेलकट बोटांनी एक चिमूट उचलली आणि तिच्या ओठांपाशी नेली. म्हटलं, "आता पुरे वैनी. मी भरवते. अण्णांचं शास्त्र आहे."

तिने माझं मनगट धरलं. दात नव्हते, हात हलका झाला होता, पण पकड होती. माझा हात सावकाश खाली केला.

"ते तुझं नाही," म्हणाली. "मीठ सांग."